जखम मांडीला, मलम शेंडीला

प्रिय दोन मिलिअँपिअर करंटास,

स. न. वि. वि.

मायन्यालाच अडले होते. तुला चिरंजीव म्हणावं तर तुझं घराणं थेट रोमन बादशाहीपर्यंत जाऊन पोचतं. तीर्थरूप म्हणावं तर आजच्या वेषात तू दवाखान्याची पायरी चढलास त्याला जेमतेम पाव शतक झालंय. अंगापिंडानं म्हणशील, तर मोबाइलच्या चार्जरमधून जो करंट वाहतो त्याचा हजारावा हिस्सा. तेव्हा नुसतं 'प्रिय' घातलं आहे, तेही जरा हात राखूनच.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. सांगली-जयसिंगपूरपासून जत, अथणी, रायबागपर्यंतचे पेशंट आमच्याकडे येतात. गर्दी गुडघ्यांची, कमरेची आणि पॅरालिसिसची. मायोसायटिसचा पेशंट क्वचित येतो, आणि क्वचित येतो म्हणून लक्षात राहतो. शरीराची जी प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायला ठेवलेली, ती आपल्याच स्नायूंवर उलटते, असा हा आजार. नितंब, मांड्या, खांदे, दंड हे आधी जातात. हाताची बोटं बहुतेकांची शाबूत राहतात. त्यामुळे बाई सुईत दोरा ओवू शकते, पण दोरीवर ओला टॉवेल टाकू शकत नाही. शर्टाची बटणं लागतात, पण पाटावरून उठता येत नाही. त्यातला डर्मॅटोमायोसायटिस हा प्रकार असेल तर पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे येतात. घरच्यांना मात्र पहिले कितीतरी महिने हा 'अशक्तपणा' वाटतो. मग कॅल्शियम, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, कुणी सांगितलेला काढा. शेवटी कुणीतरी शहाणा डॉक्टर सीपीकेची, म्हणजे स्नायूंची नासाडी दाखवणारी, रक्ततपासणी लिहून देतो, आणि दोनशेच्या आसपास असायला हवा तो आकडा काही हजारांत येतो.

याच आजाराच्या निमित्तानं तुझी-माझी गाठ पडली. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात सॅम्युएल शिंजो यांच्या गटानं मायोसायटिसच्या रुग्णांच्या डोक्याला तुला लावून पाहिलं. ती चाचणी पुढे प्रसिद्धही झाली. काहींना खरा करंट, काहींना करंटाचं नुसतं नाटक, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना मोजणाऱ्याला. माणसं मूठभरच होती. पायाच्या ताकदीत फरक दिसला, अपाय कुणाला झाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. करंट आणि व्यायाम दोन्ही एकत्र द्यावेत, हा विचार त्याच वाटेवर पुढचा. मी ते वाचलं आणि पहिल्यांदा तोंडात आली ती आपली जुनी म्हण: जखम मांडीला, मलम शेंडीला.

मग हसू आलं, कारण तुझ्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी आहे. पाय हलवायचा हुकूम मेंदूच्या ज्या पट्ट्यातून सुटतो तो डोक्याच्या अगदी माथ्यावर, दोन अर्धगोलांच्या मधल्या घडीत दडलेला असतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायचा, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि दोन्हींचा मध्य जिथे मिळेल तिथे खूण करायची. ती जागा शेंडीच्या थोडीशीच पुढे येते. मांडीला बळ हवं असेल तर मलम खरोखरच शेंडीपाशी लावायचं, असं तुझे लोक म्हणतात. आता यात तथ्य किती, हे तुलाच विचारायचं आहे.

तथ्य मुळीच नसतं तर पत्र लिहिलं नसतं. मायोसायटिसमध्ये ताकद तीन तऱ्हांनी जाते. आजार स्नायू खातो, ही पहिली. तो आवरायला स्टेरॉइड द्यावं लागतं आणि तेही जास्त दिवस घेतलं की मांड्यांचं मांस झडतं, ही दुसरी. आणि महिनोन्महिने पडून राहिल्यानं जी जाते ती तिसरी. मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन जोडून डॉक्टर स्टेरॉइड कमी करत आणतात, सीपीके खाली येतो, फाइलवर 'आजार नियंत्रणात' असा शेरा पडतो. आणि बाई म्हणते, "डॉक्टर, रिपोर्ट चांगला आला, मग मला अजून उठता का येत नाही?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर कुठूनही आलं तरी मला चालेल. माथ्यावरून आलं तरी.

कारण स्नायू कितीही चांगला असला तरी हुकूम वरून यावा लागतो. दुखणं, थकवा आणि पडायची भीती यांत महिने काढलेला माणूस आपल्याच पायांना पुरता हुकूम देत नाही, हे पॅरालिसिसच्या आणि गुडघ्याच्या पेशंटांत आम्ही रोज बघतो. मायोसायटिसमध्येही असं काही होत असेल, हा तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. रोगप्रतिकारशक्तीची भांडणं तू मिटवणार नाहीस, तो तुझा प्रांतच नव्हे. तू फार तर हुकूम देणाऱ्याच्या कानाशी लागशील.

तेही किती हळू आवाजात! खाऱ्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक माथ्यावर, एक बहुधा कपाळावर, मधे छोटं यंत्र, आणि वीस मिनिटं. पॅरालिसिसच्या पेशंटांसाठी तुला वापरणाऱ्या एका मैत्रिणीच्या विभागात मी हौसेनं लावून घेतलं. आधी तिनं विचारलं, "तेल लावून नाही ना आलीस?" केस चोपडे असले की स्पंज नीट टेकत नाही. सुरुवातीला मुंग्या, मग खाज, मग स्पंजाचं पाणी कानामागून ओघळलं तेवढंच. वीस मिनिटांनी मी होते तशीच होते, फक्त केस खारट.

लोकांना मात्र 'डोक्याला करंट' म्हटलं की सिनेमातली शॉक ट्रीटमेंट आठवते. तिथे साधारण आठशे मिलिअँपिअरचे झटके असतात. तू त्याच्या चारशेव्या भागाएवढा. आणि तू मेंदूच्या पेशींना दणका देऊन कामाला लावत नाहीस. पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब किंचित इकडचा तिकडे करतोस, म्हणजे जी पेशी मुळातच हुकूम सोडायच्या बेतात होती तिला तो सोडणं थोडं सोपं जातं. तू म्हणजे निखाऱ्यावर घातलेली फुंकर. निखारा असेल तर जाळ होईल. राखेवर कितीही फुंकलंस तरी डोळ्यांत धूर नाहीतर राख. तुझ्याबरोबर व्यायाम का हवा, याचं माझ्या समजुतीतलं कारण एवढंच.

फुंकरीचा हा परिणाम जर्मनीत, ग्योटिंगेनला, निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी 2000 साली नीट मोजून दाखवलं. हा मायकेल निट्शे, तत्त्वज्ञानी नव्हे. करंट थांबवल्यावरही मेंदूच्या हालचालीच्या भागाची चेतना काही मिनिटं वाढलेली राहते, हे त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी त्यांनी करंट जास्त वेळ, तेरा मिनिटांपर्यंत, दिला तेव्हा परिणाम तास-दीड तास टिकला. व्यायामाची वेळ याच खिडकीत साधायची, असा जोड-उपचाराचा हिशोब आहे. कागदावर तो फार सुरेख दिसतो. त्याच ग्योटिंगेनहून 2013 मध्ये आणखी एक निकाल आला. एक मिलिअँपिअरला मेंदूची चेतना दाबणारा उलट्या दिशेचा करंट दोन मिलिअँपिअरवर वीस मिनिटं दिला, तर ती दबण्याऐवजी वाढली. म्हणजे दुप्पट दिलं की दुप्पट मिळतं हा बाजारातला हिशोब तुला लागू नाही. तुझ्या नादी लागलेल्यांपैकी किती जणांनी हे वाचलंय?

घराण्याचा विषय काढलाच आहे तर सांगते. सम्राट क्लॉडियसच्या काळातला स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य डोकेदुखीवर जिवंत विद्युत-मासा कपाळाला लावायला सांगे. गाउटवाल्यांना तो समुद्रकाठच्या ओल्या वाळूत त्याच माशावर उभं करी. पुढे गॅल्व्हानीनं बेडकाच्या तंगड्या नाचवल्या, आणि त्याचा भाचा आल्डिनी यानं 1803 मध्ये लंडनला फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेताला तारा लावून त्याचा जबडा थरथरवला नि एक डोळा उघडून दाखवला. लोक घाबरले, तिकडे आल्डिनीचं नाव झालं. तुझ्या घराण्यात तमाशाची हौस जुनी आहे. परवा-परवापर्यंत अमेरिकेतली एक कंपनी तुला हेडफोनच्या रूपात खेळाडूंना विकत होती. दुकान आता बंद झालं.

तुझ्या निमित्तानं अनावृत पत्र लिहिणारीही मी पहिली नव्हे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात असंच पत्र छापलं होतं, पण ते घरच्या घरी बॅटरी जोडून डोक्याला लावणाऱ्यांसाठी. त्यांचं म्हणणं साधं होतं: करंट स्पंजाखालीच थांबत नाही, मेंदूचा एक भाग सुधारताना दुसरा बिघडू शकतो, आणि परिणाम माणसागणिक वेगळे. मी तुलाच लिहितेय, कारण घरच्या बॅटरीवाल्यांपेक्षा मला आमच्याच धंद्याची काळजी जास्त आहे.

ती सांगण्याआधी तुझ्याविरुद्धची आणखी एक साक्ष. मेंदूशास्त्रज्ञ ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटानं प्रेतांमध्ये आणि उंदरांमध्ये मोजून 2018 मध्ये दाखवलं की डोक्यावर लावलेल्या करंटापैकी जवळपास तीन चतुर्थांश त्वचा आणि कवटीतच जिरतो. उरलेला आत पोचतो. म्हणजे दोन मिलिअँपिअरमधला तू मेंदूशी बोलायला जातोस तेव्हा अर्धा मिलिअँपिअर उरलेला असतोस. एवढ्याशानं पाटावरून माणूस उठतो, असं कुणी म्हणालं तर मी पुरावा मागणारच. आणि पुरावा मिळवणं अवघड. एकतर आजार दुर्मीळ, त्यामुळे चाचणीला माणसं थोडी, आणि थोड्या माणसांत एखाद-दुसरा योगायोगानं बरा झाला तरी आकडे झुकतात. दुसरं म्हणजे खोट्या करंटाचं नाटक. यात पहिलं अर्धं मिनिट मुंग्या आणतात आणि मग गुपचूप बंद करतात, म्हणजे रुग्णाला वाटावं की चालूच आहे. पण दोन मिलिअँपिअरवर हे नाटक पुरतं वठत नाही, हे 2012 मध्येच एका अभ्यासात दिसलं. खऱ्या स्पंजाखालची त्वचा लाल होते, आणि मोजणाऱ्याला डोळे असतात.

आता व्यायामाकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत मायोसायटिसच्या रुग्णाला जगभर एकच सल्ला मिळायचा: आराम करा. स्नायूंना सूज आहे, ताण दिला तर ती भडकेल, सीपीके चढेल, अशी भीती. भीती अगदीच खुळी नव्हती, कारण जोरकस व्यायामानं निरोगी माणसाचाही सीपीके चढतो. पण मोजून कुणी पाहिलंच नव्हतं. 1998 मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी रुग्णांना सायकल आणि पायऱ्यांच्या व्यायामाला लावलं, ताकद आणि दम दोन्ही वाढले. 1999 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हेलेन अलेक्झांडरसन आणि इंग्रिड लुंडबर्ग यांनी फक्त दहा रुग्णांना घरी करायचा व्यायाम दिला: आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटं, वर पंधरा मिनिटं चालणं, एकूण 12 आठवडे. यंत्र नाही, फी नाही. रुग्णांची कामं सुधारली आणि स्नायूंची सूज वाढल्याची खूण रक्तात मिळाली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आजार भडकलेला असलेल्या रुग्णांनाही घेतलं, तिथेही अनर्थ झाला नाही. 2013 पर्यंत स्वीडनमध्ये सायकलचा व्यायाम घेतलेल्या गटात नुसता दमच वाढला नव्हता, आजाराचा जोरही उतरल्याची चिन्हं होती. अलेक्झांडरसन स्वतः फिजिओथेरपिस्ट. हे सांगताना मला अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

मायोसायटिसच्या क्षेत्रातली खरी बातमी ही आहे. ती कुठल्या टीव्हीवर आली नाही, कारण तिच्यात दाखवायला काही नाही: एक बाई खुर्चीवरून उठते आणि पुन्हा बसते. विकायलाही काही नाही. तुझ्यात मात्र तारा आहेत, स्पंज आहेत, एक दिवा लुकलुकतो. उद्या दोघांची जोडी यशस्वी झाली तर श्रेय कुणाच्या पदरात पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्याकडे तर मुळीच नको. आमच्या भागात फिजिओथेरपी म्हणजे 'शेक आणि करंट'. पेशंट दारातून आत येताच विचारतो, "मशीन कुठलं लावणार?" टेन्स किंवा आयएफटी या करंटाच्या मशीनचे पॅड पाठीवर चिकटवून वीस मिनिटं झोपवलं की उपचार झाले असं वाटतं. आणि तासभर घाम गाळून व्यायाम शिकवला की बाहेर जाऊन सांगतात, "मॅडमनी नुसता व्यायामच दिला, मशीन लावलंच नाही." व्यायाम काय घरीही करता येतो, त्याचे कसले पैसे! घरी कुणी करत नाही, तो भाग वेगळा. माझ्या व्यवसायबंधूंनाही दोष कसा द्यावा. लोक ज्याचे पैसे देतात ते ते विकतात. तू या बाजारात आलास की पहिल्या महिन्यात 'दहा सिटिंगचं पॅकेज' निघेल, आणि त्यात व्यायामाची पाच मिनिटं शेवटी, वेळ उरला तर.

जतच्या बाजूच्या एक मावशी माझ्याकडे येतात. नाव सांगत नाही. डर्मॅटोमायोसायटिस, औषधं कोल्हापूरच्या डॉक्टरांची, सीपीके आता खाली. पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन्ही तळवे मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारख्या उठायच्या. मी प्लास्टिकचं स्टूल घेतलं, त्यावर घडी घातलेल्या सतरंज्या एकावर एक ठेवल्या. हात छातीशी धरून त्या उंचीवरून उठता आलं की एक सतरंजी काढायची. दमायचं किती, तर बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. मावशी म्हणाल्या, "गाणं नको, पर ववी म्हणता येती का बघू का?" आणि उठता-बसता जात्यावरच्या ओव्या म्हणू लागल्या. दम लागून ओवी तुटली की थांबायचं. बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं दमण्याची सहा ते वीस अशी मोजपट्टी केली आहे. मावशींची ओवी तिच्यापेक्षा मला जास्त उपयोगी पडली.

एकदा त्यांचा मुलगा मोबाइल घेऊन आला. तुझी बातमी. "मॅडम, डोक्याला करंट दिला की स्नायूंत ताकद येते म्हणं. ब्राझीलमधी केलंय. आईला देऊया का?" मावशी स्टुलावरूनच कडाडल्या, "डोस्क्याला करंट? म्या काय येडी झालीया?" मुलगा ओशाळला. मी शॉक ट्रीटमेंट आणि तुझ्यातला चारशेपटींचा फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवढासाच हाय, तर त्यो करनार तरी काय?" साओ पाउलोपासून ग्योटिंगेनपर्यंतच्या लोकांना पडलेला प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला.

मी मुलाला सांगितलं ते तुलाही सांगते. आत्ता नाही. एक कारण असं, जे मला बातमीत कुठे दिसलं नाही: डर्मॅटोमायोसायटिसमध्ये डोक्याची त्वचाच अनेकदा आजारी असते. खाज, खपल्या, लाली. मावशींचं डोकं मी पाहिलंय. वर्षभर स्टेरॉइड घेतलेली त्वचा कागदासारखी पातळ होते. अशा त्वचेवर अर्धवट वाळलेला स्पंज आणि वीस मिनिटं करंट, म्हणजे भाजल्याची जखम व्हायला वेळ लागणार नाही. चाचणीत ज्यांना घेतात ते तपासून घेतात. फिट येणारे, डोक्यात धातू असलेले बाजूला काढतात. पॅकेजवाला काढेल याची खात्री मला नाही.

पण 'कधीच नाही' असं मी म्हटलं नाही, तेही ऐक. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मनोविकारतज्ज्ञ तुला स्किझोफ्रेनियातल्या भासांसाठी रीतसर, नोंदी ठेवून वापरतात. तशा शिस्तीत तू मायोसायटिसकडे येणार असशील तर माझा दरवाजा उघडा आहे. एकाच शहरात पुरेसे रुग्ण मिळणार नाहीत, तेव्हा चार देशांच्या दवाखान्यांनी मिळून चाचणी करावी. सगळ्यांना व्यायाम द्यावा, पुरेपूर, महिनोन्महिने; करंट अर्ध्यांनाच खरा असावा. व्यायामापेक्षा तू वर काय देतोस, प्रश्न एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर 'काही नाही' आलं तर तेही छापावं.

आणि मोजणी बदलावी. प्रयोगशाळेत पाय यंत्राला बांधून गुडघ्याचा जोर मोजतात. आकडा सुंदर येतो, आलेख काढता येतो. दवाखान्यात आम्ही आठ स्नायूगटांना हातानं दाबून ऐंशीपैकी गुण देतो. दोन्ही ठीक. पण ज्या देशात माणसं जमिनीवर बसून जेवतात, जमिनीवर बसून भाकरी थापतात, आणि एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते, तिथे मला तीन गोष्टी मोजून हव्यात: हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठता येतं का, एसटीत कुणी वर न ओढता चढता येतं का, आणि स्वतःची वेणी स्वतः घालता येते का. स्टॉकहोमचे रुग्ण खुर्चीवरून उठले की बरे. मावशींचं घर खुर्चीच्या उंचीवर नाही. त्यांच्या शेवटच्या सतरंजीखाली अजून आख्खं स्टूल आहे, आणि स्टुलाखाली जमीन.

हे तुला जमत असेल, तर सतरंजी लवकर निघेल की नाही एवढं दाखव. श्रेय हवं तेवढं घे, पण त्यातलं थोडं सतरंजीलाही दे म्हणजे झालं.

कळावे,
एक फिजिओथेरपिस्ट, मिरज

ता. क. आमच्या अपार्टमेंटमधला इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणत होता, "काकू, नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि दोन स्पंज, शंभर रुपयांत करून देतो." त्वचा सुकली की त्याचा करंट कुठे जाईल, चढताना-उतरताना हळूहळू कसा बदलेल, असं विचारल्यावर तो गप्प झाला. पोरगा हुशार आहे. गुरुवारी मावशींची वेळ असते, त्या दिवशी स्टूल धरायला आणि उठण्याची वेळ मोजायला ये म्हटलंय. स्टॉपवॉचचं ॲप त्यानं लगेच उतरवून घेतलं.